'टायर्ड' कुठे चालतो, कुठे नाही: थकव्याचं इंग्रजी नीट बोलण्यासाठी

आजोबा आता थकलेत. कर्जाचे तीन हप्ते थकलेत. तुला सांगून सांगून मी थकले. आज चालून चालून फार थकलो.

मराठीत या चारही वाक्यांना एकच क्रियापद पुरतं. इंग्रजीत 'टायर्ड' फक्त शेवटच्या दोन वाक्यांत बसतो, आणि त्या दोन्हींतही त्याच्यामागे येणारा शब्द वेगळा आहे. आजोबांबद्दल 'ही इज टायर्ड' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, आत्ताच बाहेरून आले असतील, जरा आडवे झाले की ठीक होतील. वयानं थकणं सांगायचं तर 'ही हॅज ग्रोन फ्रेल' किंवा सौम्यपणे 'ही इज गेटिंग ऑन'. हप्त्यांचा तर थकव्याशी काही संबंधच नाही. ते 'ओव्हरड्यू' असतात आणि थकबाकी म्हणजे 'अरिअर्स'.

शब्द पहिली-दुसरीतला, पण चुका पन्नाशीतल्या लोकांच्या ईमेलमध्येही सापडतात. कारण आपण त्याचा अर्थ पाठ केलेला असतो, त्याचं शेपूट पाठ केलेलं नसतं. ते शेपूट पुढे दुसऱ्या पायरीत येईल. आधी सांगाडा.

पहिली पायरी: वाक्याचा सांगाडा

'मी थकलो' यात थकणं हे क्रियापद आहे. काहीतरी घडलं, झालं. इंग्रजी तिथे स्थिती सांगतं: मी थकलेल्या अवस्थेत आहे. म्हणून 'टायर्ड' रोजच्या बोलण्यात विशेषण म्हणून येतो आणि त्याला आधाराला 'ॲम', 'इज', 'वॉज', 'फील', 'लुक' किंवा 'गेट' लागतो.

'मी थकलोय' याचं शब्दाला शब्द ठेवून 'आय हॅव टायर्ड' करू नका. ते 'आय ॲम टायर्ड'. 'मी थकलो होतो' म्हणजे 'आय वॉज टायर्ड'. 'थकायला लागलोय' म्हणजे 'आय ॲम गेटिंग टायर्ड'. 'लवकर थकशील' म्हणजे 'यू विल गेट टायर्ड सून'. दारात आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, 'दमला असाल, बसा.' हा अंदाज आहे, म्हणून 'यू मस्ट बी टायर्ड'. इथे 'यू आर टायर्ड' म्हटलं तर समोरच्याला त्याची अवस्था आपणच जाहीर करून सांगितल्यासारखं होतं.

'थकवा येतो' या वाक्यानेही घोळ होतो. आपल्याकडे थकवा येतो, जातो, वाटतो, जाणवतो. इंग्रजीत 'टायर्डनेस' असा येत-जात नाही. 'टायर्डनेस' हे नाम आहे खरं, पण बोलताना 'आय फील टायर्ड' हेच नैसर्गिक. आणि जोर द्यायचा तर 'व्हेरी टायर्ड' किंवा 'रिअली टायर्ड'. 'मच टायर्ड' अजून काही जुन्या शिक्षकांच्या तोंडी ऐकू येतं. ते सोडून द्या.

उच्चार एका झटक्यात करायचा, शेवटचा 'ड' सुटा पाडायचा नाही: 'टाय-रेड' नव्हे. ब्रिटिश माणूस त्यातला 'र' जवळजवळ गिळतो, अमेरिकन तो स्पष्ट म्हणतो. आपला 'टायर्ड' दोघांनाही कळतो, तेव्हा उगाच जीभ वळवायची गरज नाही.

स्पेलिंगबद्दल एक गोष्ट. गाडीच्या टायरचं स्पेलिंग ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे 'वाय' घालून करतात, अमेरिकेत 'आय' घालून. त्यामुळे अमेरिकन मजकुरात चाकाचा टायर आणि थकण्याचं क्रियापद अगदी सारखे दिसतात. दोघांचं कूळ मात्र वेगळं. थकण्याचा 'टायर' प्राचीन इंग्रजीतला, 'कमी पडणं, संपत जाणं' या अर्थाचा. चाकाचा टायर 'अटायर' म्हणजे पोशाख या शब्दापासून आला, चाकावर चढवलेलं आवरण म्हणून. 'रिटायर्ड' तिसऱ्याच घरचा: फ्रेंचमधून आलेला, 'मागे सरकणं' या अर्थाचा. तेव्हा निरोप समारंभात 'रि-टायर्ड म्हणजे पुन्हा थकलेला' हा विनोद खुशाल करा, व्युत्पत्ती म्हणून सांगू नका.

दुसरी पायरी: शेपूट

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढीच पायरी वाचा.

'टायर्ड'च्या मागे 'फ्रॉम' किंवा 'आफ्टर' आला की थकवा अंगाचा: कशामुळे दमलो ते पुढे सांगायचं. 'आय ॲम टायर्ड फ्रॉम वॉकिंग', 'शी वॉज टायर्ड आफ्टर द जर्नी'. 'ऑफ' आला की थकवा मनाचा: कंटाळलो, विटलो, पुरे झालं. 'आय ॲम टायर्ड ऑफ वॉकिंग' म्हणजे पाय दुखतायत असं नाही, तर रोज रोज चालत जाण्याचा वीट आलाय, आता स्कूटर घ्या. एका छोट्या शब्दाने तक्रार पायांवरून आयुष्यावर जाते.

हा फरक एका खऱ्या प्रसंगात जितका स्वच्छ दिसतो तितका व्याकरणाच्या पुस्तकात दिसत नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेने बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. ती एका मोठ्या दुकानात शिवणकाम करायची. पुढे लोकांनी गोष्ट अशी रंगवली की बिचारी दिवसभराच्या कामाने दमली होती, म्हणून उठली नाही. पार्क्सबाईंना हे मुळीच पटत नसे. आत्मकथनात त्यांनी स्पष्ट लिहिलं की रोज संध्याकाळी असते त्याहून जास्त शारीरिक थकवा त्या दिवशी नव्हता, आणि वयही फक्त ४२ होतं. त्या 'टायर्ड' होत्या त्या एकाच अर्थाने: 'टायर्ड ऑफ गिव्हिंग इन', म्हणजे पुन्हा पुन्हा नमतं घेण्याला कंटाळलेल्या. लोक 'फ्रॉम' ऐकत होते, त्या 'ऑफ' म्हणत होत्या. 'ऑफ' काढून घेतला की नकार देणाऱ्या बाईची दमलेली बाई होते, आणि हे त्यांना नेमकं कळलं होतं.

चारच दिवसांनी, ५ डिसेंबरला, २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग त्याच शहरातल्या चर्चमध्ये बोलले. जुलमाच्या लोखंडी पायांखाली तुडवलं जाण्याला माणसं कधी ना कधी कंटाळतात, असं ते म्हणाले. तिथेही 'गेट टायर्ड ऑफ', आणि त्याच्यामागे 'बीइंग'. ही रचना उचलण्यासारखी आहे: 'आय ॲम टायर्ड ऑफ बीइंग ब्लेम्ड', माझ्यावर खापर फोडलं जाण्याचा मला कंटाळा आलाय. आपल्याला कोणीतरी काहीतरी करतंय आणि ते सहन होत नाही, अशा प्रत्येक ठिकाणी ती चालते.

पार्क्सबाईंच्या अटकेनंतर शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक मैलोन् मैल पायी कामाला जात. त्यांच्यातल्या एका वृद्धेचे शब्द किंग यांनी १९६३ साली अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात दिले आहेत: माझे पाय थकलेत, पण माझा जीव निवांत आहे. इथे 'टायर्ड'ला शेपूटच नाही. नुसता आला की तो अंगाचा, हा नियम त्या एका वाक्यात आहे.

'ऑफ'च्या मागे नाम येतं किंवा '-इंग' लावलेलं रूप येतं. 'टायर्ड ऑफ टू वेट' नाही, 'टायर्ड ऑफ वेटिंग'. 'वाट बघून थकलो'चं 'आय ॲम टायर्ड टू वेट' हेही चूक. 'टू' चालतो तो फक्त 'टायर्ड'च्या आधी दुसरा, दोन 'ओ'चा 'टू' असेल तर, म्हणजे 'इतका थकलोय की अमुक करवत नाही' या अर्थी: 'आय ॲम टू टायर्ड टू कुक'. स्वयंपाक करवत नाही, बाहेरून मागवू. 'सो टायर्ड दॅट' हा त्याचाच लांबलेला भाऊ.

वीट पराकोटीला गेला की 'सिक अँड टायर्ड ऑफ'. इथे आजारपण कुठेच नाही. आपल्या 'जीव मेटाकुटीला आला'च्या जवळचं आहे ते. रागाचा सूर असतो, म्हणून साहेबाला लिहिताना हे टाळावं. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल घरात बोलताना अवश्य वापरावं.

तिसरी पायरी: दमलेला कोण, दमवणारं काय

'टायर्ड' माणूस, 'टायरिंग' काम. 'इट वॉज अ टायरिंग डे', 'आय वॉज टायर्ड'. 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग'चं जे नातं तेच. 'आय ॲम टायरिंग' म्हटलंत तर समोरच्याला वाटेल, मी लोकांना दमवतो असं हा म्हणतोय. क्रिकेटच्या समालोचनात मात्र 'द बोलर्स आर टायरिंग' ऐकू येतं आणि ते बरोबर आहे: तिथे ते क्रियापद आहे, गोलंदाज हळूहळू थकत चाललेत. आजारी किंवा वयस्क माणसाबद्दल 'ही टायर्स ईझिली' म्हणतात, तेही क्रियापदच.

'टायरसम' वेगळा. त्यात घाम नाही, वैताग आहे. चार तास गड चढणं 'टायरिंग', चार तास एकच तक्रार ऐकणं 'टायरसम'. माणसाला 'टायरसम' म्हटलं की तो कटकट्या.

'टायरलेस' म्हणजे अथक, आणि ती फक्त स्तुती. 'अथक परिश्रम' हे आपल्या सत्काराच्या भाषणांतलं हुकमी शब्दद्वय, त्याचं इंग्रजी 'टायरलेस एफर्ट्स'. दोन्ही भाषांत ते इतकं वापरून झालंय की त्याऐवजी त्या माणसाने नेमकं काय केलं ते सांगितलेलं बरं. 'नेव्हर टायर्स ऑफ' मात्र अजून ताजा वाटतो: 'ही नेव्हर टायर्स ऑफ टेलिंग दॅट स्टोरी'. यात कौतुकही आहे आणि हळूच चिमटाही.

चौथी पायरी: मराठीतलं दुखणं नेमकं कोणतं

मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांना ही पायरी सगळ्यात उपयोगी, कारण डॉक्टरपुढे 'टायर्ड' या एकाच शब्दात सगळं कोंबलं जातं.

'दमलो' आणि 'दम लागला' यांत आपण मराठीत कधी गल्लत करत नाही. इंग्रजीत करतो. जिना चढताना दम लागतो, हे 'आय गेट टायर्ड' असं सांगितलं तर डॉक्टर झोप आणि जेवण विचारत बसेल. ते 'आय गेट ब्रेथलेस' किंवा 'शॉर्ट ऑफ ब्रेथ' आहे, आणि ते ऐकून तो आधी छाती तपासेल. या एका शब्दाने तपासणीची दिशा बदलते, म्हणून हा आधी पाठ करा.

अशक्तपणा म्हणजे 'वीक'. ताकदच नाही, हातातून वस्तू सुटते, खुर्चीतून उठवत नाही, हा थकव्याहून वेगळा प्रकार आहे आणि तो वेगळाच सांगायला हवा. ग्लानी म्हणजे 'ड्राउझी'. हाच शब्द औषधांच्या वेष्टनावर 'मे कॉज ड्राउझिनेस' असा छापलेला असतो. अंग मोडून आलंय म्हणजे 'माय होल बॉडी इज एकिंग'. पायात गोळे येणं म्हणजे 'क्रॅम्प्स'. गळून गेल्यासारखं वाटतं याला 'आय हॅव नो एनर्जी' सगळ्यात जवळचं.

आणि झोप. रात्री नऊ वाजता इंग्रज माणूस 'आय ॲम टायर्ड' म्हणतो तेव्हा तो बहुधा दमलोय म्हणत नसतो, झोप आलीय म्हणत असतो. जांभया देणाऱ्या मुलालाही 'टायर्ड' म्हणतात, आणि झोपेची वेळ टळून किरकिर करणाऱ्याला 'ओव्हरटायर्ड'. म्हणून तिकडचा डॉक्टर 'टायर्ड' ऐकून पुढचा प्रश्न विचारतो: झोप येते, की झोप होऊनही उत्साह नसतो? दुसरं असेल तर 'आय फील टायर्ड ऑल द टाइम' म्हणा, आणि किती आठवडे तेही सांगा. ब्रिटनमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची आहे की डॉक्टरांनी तिच्या चार शब्दांची आद्याक्षरं घेऊन 'टॅट' असं नावच पाडलंय. वैद्यकीय कागदावर तीच 'फटीग' म्हणून लिहिली जाते.

राहिला कंटाळा, जो आपल्याकडे दोन कामं करतो. 'या नोकरीचा कंटाळा आलाय' हा 'टायर्ड ऑफ'. पण 'उठायचा कंटाळा आलाय' यात वीटही नाही आणि थकवाही नाही, निव्वळ आळस आहे. त्याला 'आय डोन्ट फील लाइक गेटिंग अप', किंवा ब्रिटिश थाटात 'आय कान्ट बी बॉदर्ड'. 'बोअर्ड' यातल्या कशालाच नीट बसत नाही. तो करायला काही नसलेल्या माणसाचा.

पाचवी पायरी: किती थकलात, आणि कोणाला सांगताय

'अ बिट टायर्ड' म्हणजे जरासा, असं शब्दकोश सांगेल. ब्रिटिश माणूस मात्र पार मोडून पडलेला असतानाही तेवढंच म्हणतो, तेव्हा त्याच्या 'बिट'वर जाऊ नका. पुढे 'वॉर्न आउट', मग 'एक्झॉस्टेड'. 'एक्झॉस्ट'च्या मुळाशी लॅटिनमधलं पाणी उपसून काढणं आहे, तळ लागेपर्यंत. म्हणून 'व्हेरी एक्झॉस्टेड' बोलण्यात ऐकू आलं तरी लिहिताना 'कंप्लीटली एक्झॉस्टेड' बरं. तळ लागल्यावर 'खूप' आणखी काय लागणार?

'ड्रेन्ड' हा मनाच्या थकव्याचा. दवाखान्यात रात्रभर बसलेला नातेवाईक 'ड्रेन्ड' असतो, शेतात राबलेला माणूस 'वॉर्न आउट'. 'वेअरी' पुस्तकी, आणि त्यात काळ आहे: बराच काळ सोसून आलेला शीण. 'वॉर-वेअरी' म्हणजे युद्धाने शिणलेले. आजच्या लोकलच्या गर्दीला तो शब्द जड होतो.

बोलीतले शब्द जपून वापरा. ब्रिटनमध्ये 'नॅकर्ड' सर्रास ऐकाल. 'नॅकर' म्हणजे निकामी झालेले घोडे कापण्यासाठी विकत घेणारा. तेव्हा 'नॅकर्ड' म्हणजे त्याच्याकडेच पाठवायच्या लायकीचा. मित्रांत चालतो, सासऱ्यांसमोर नाही. 'शॅटर्ड' थोडा सभ्य. अमेरिकेत 'बीट' किंवा 'वाइप्ड आउट'. हे शब्द ऐकून कळले म्हणजे पुरे, स्वतः वापरलेच पाहिजेत असं नाही.

'बर्नआउट' हल्ली एका जड आठवड्यालाही लावतात. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द अभ्यासात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात तो आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हणून. रजेच्या अर्जात तो लिहिण्याआधी हे लक्षात असावं. साधी एका दिवसाची रजा हवी असेल तर 'आय नीड अ डे ऑफ टू रेस्ट' पुरतं. आपलं 'टेक रेस्ट' भारतात सगळ्यांना कळतं. बाहेर 'गेट सम रेस्ट' म्हणतात.

'दमलेला दिसतोस रे' ही आपल्याकडे माया आहे. त्यानंतर बहुधा चहा येतो. 'यू लुक टायर्ड' मात्र इंग्रजी बोलणाऱ्या ऑफिसात बऱ्याचदा 'आज अवतार काय झालाय तुझा' असं ऐकू जातं, स्त्रियांना तर हमखास. काळजी दाखवायची तर 'हाउ आर यू होल्डिंग अप?' विचारा. आणि ब्रिटिश वर्तमानपत्रात एखादा पुढारी 'टायर्ड अँड इमोशनल' होता असं वाचलंत तर तो पिऊन आला होता असं समजा. जॉर्ज ब्राउन या मंत्र्याच्या संदर्भात 'प्रायव्हेट आय' या व्यंग्य नियतकालिकाने १९६०च्या दशकात हा शब्दप्रयोग रूढ केला, अब्रूनुकसानीचा दावा चुकवत खरं सांगण्यासाठी.

सहावी पायरी: वस्तूही थकतात

'अ टायर्ड जोक' म्हणजे घासून गुळगुळीत झालेला विनोद. 'टायर्ड आर्ग्युमेंट', 'टायर्ड एक्सक्यूज' तसेच. हॉटेलची खोली 'लुक्स अ बिट टायर्ड' असं परीक्षणात वाचलं तर पडदे विटलेत आणि रंग उडालाय असं समजून दुसरीकडे बुकिंग करा. क्रिकेटमध्ये 'टायर्ड शॉट' म्हणजे दिवसभर खेळून लक्ष सुटलेल्या फलंदाजाने मारलेला ढिला फटका.

धातू मात्र 'टायर्ड' होत नाही, त्याला 'फटीग' येतो. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमानं भूमध्य समुद्रात कोसळली. कारण निघालं ते 'मेटल फटीग': प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेचा दाब वाढून उतरायचा, आणि त्या ताणाने पत्र्याला बारीक तडे जात गेले. एकाच गोष्टीचा मारा वारंवार होऊन प्रतिसाद संपणं, हा अर्थ पुढे माणसांकडेही आला. सारख्या मदतीच्या हाका ऐकून दाते मागे हटतात तो 'डोनर फटीग', दिवसभर निर्णय घेऊन संध्याकाळी भाजी कोणती हेही ठरवता येत नाही तो 'डिसिजन फटीग'. इथे 'टायर्डनेस' बसत नाही.

हात चालवून बघा

उत्तर झाकून आधी स्वतः करा.

'रोज तेच तेच ऐकून मी कंटाळले.' 'आय ॲम टायर्ड ऑफ हिअरिंग द सेम थिंग एव्हरी डे.'

'प्रवासाने दमलेत, त्यांना झोपू दे.' 'ही इज टायर्ड आफ्टर द जर्नी, लेट हिम स्लीप.'

'इतकी दमले होते की जेवलेही नाही.' 'आय वॉज टू टायर्ड टू ईट.'

'दोन मजले चढले की दम लागतो.' 'आय गेट ब्रेथलेस आफ्टर टू फ्लाइट्स ऑफ स्टेअर्स.' इथे 'टायर्ड' लिहिला असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा.

'मुलांनी आज मला पार दमवलं.' 'द किड्स टायर्ड मी आउट टुडे.' इथे तो क्रियापद झाला आणि शेवटी 'आउट' आला.

'दोन महिन्यांचा पगार थकलाय.' 'माय सॅलरी इज टू मंथ्स ओव्हरड्यू.'